अनिर्बंध सत्ता आणि सूडाचे राजकारण

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली आणि २८८ पैकी २३० हून अधिक जागा एकाच युतीच्या पदरात पडल्या. विरोधी आघाडीतील तीन प्रमुख पक्षांना अनुक्रमे २०, १६ आणि १० जागांवर समाधान मानावे लागले. सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ सदस्य त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये नवे सभागृह भरले, तेव्हा विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामीच राहिली. आपल्या पालघर जिल्ह्यातील सहा मतदारसंघांपैकी पाच सत्ताधारी युतीकडे गेले. एकट्या डहाणूने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांना पुन्हा निवडून दिले. हा मतदारांचा कौल आहे आणि तो शिरोधार्य मानलाच पाहिजे. कोणी जिंकावे व कोणी हरावे हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु सत्तेला अडवणारे कोणीच उरले नाही की सत्ताधाऱ्यांच्या मनात जुने हिशेब चुकते करण्याची इच्छा कशी बळावते, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

वैतरणेच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या आपणा सर्वांना एकपक्षीय सत्तेची ओळख नवी नाही. २०१५ साली वसई-विरार महानगरपालिकेच्या ११५ जागांपैकी १०६ जागा बहुजन विकास आघाडीने जिंकल्या होत्या. वसई, नालासोपारा आणि नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला बोईसर, या तिन्ही मतदारसंघांत त्याच पक्षाचे आमदार होते. २०२४ मध्ये हे तिन्ही मतदारसंघ त्या पक्षाच्या हातून गेले. मधल्या काळात, जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे निवडणूकच न होता प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे ११५ पैकी १०६ नगरसेवकांचा कारभार आपण पाहिला आणि एकही नगरसेवक नसलेला कारभारही पाहिला. दोन्ही वेळी 'याची दाद कोणाकडे मागायची?' हाच प्रश्न नागरिकाच्या ओठांवर होता.

सूडाचे राजकारण म्हटले की डोळ्यांसमोर दिल्लीतील वा मुंबईतील मोठी नावे येतात. आम्ही मात्र आपल्या घरापासून सुरुवात करू इच्छितो. वाचकांना नोव्हेंबर २०१२ मधील पालघरची घटना स्मरत असेलच. १७ नोव्हेंबर रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबईत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि सारे शहर बंद राहिले. त्या संध्याकाळी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर आपले मत मांडले. शहर बंद राहिले ते आदरापोटी नव्हे तर भीतीपोटी, आणि आदर हा मिळवायचा असतो, लादायचा नसतो, अशा आशयाचे ते काही ओळींचे मत होते. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. एवढेच! काही वेळातच जमाव जमला आणि त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पोलिसांनी दोघींना ठाण्यात नेले. दंडविधानाचे कलम ५०५ (२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावून सोमवारी त्यांना अटक झाली. प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका झाली.

या घटनेत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या पक्षाच्या अनुयायांनी हा संताप केला, तो पक्ष त्या वेळी राज्यात सत्तेवर नव्हता. मंत्रालयात काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसचे सरकार होते. गृहखातेही त्यांच्याच हाती होते. तरीही दोन मुलींना अटक करण्याचे धाडस पोलिसांना झाले आणि जमावाला थोपवण्याचे झाले नाही. 'या मुलींना धडा शिकवा' असा लेखी हुकूम वरून आला होता काय? तसे काही पुढे आले नाही. हुकमाची गरजच नव्हती. कोणाला दुखवले तर त्रास होईल आणि कोणाला दुखवले तर काही बिघडणार नाही, याचा हिशेब ठाण्यातल्या माणसाला पाठ असतो. अनिर्बंध सत्ता ही अशी असते. ती आमदारांच्या संख्येत मोजता येते तशी लोकांच्या मनातील धास्तीतही मोजता येते.

पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे, कारण तोच या घटनेचा आशादायक भाग आहे. वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून पोलिसांवर कारवाईची मागणी केली. दवाखाना फोडल्याबद्दल काही जणांना अटक झाली, चौकशी होऊन पोलीस अधीक्षक व ठाण्याचे निरीक्षक निलंबित झाले आणि उच्च न्यायालयाने संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली केली. या निलंबनाच्या निषेधार्थ पालघर बंद पाळण्यात आला, हेही लक्षात ठेवावे. मुलींविरुद्धचे प्रकरण पोलिसांनी शेवटी बंद केले. दरम्यान, या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तिच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द करण्यात आले. पालघरच्या एका रविवारी घडलेल्या अन्यायातून साऱ्या देशाला थोडा मोकळा श्वास मिळाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हे कलम आले तरी कोठून? डिसेंबर २००८ मध्ये संसदेने ते जवळजवळ चर्चेविनाच संमत केले होते. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे', 'अत्यंत आक्षेपार्ह' असे शब्द त्यात होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती. कोणाला काय त्रासदायक वाटेल, याची व्याख्या करण्याची तसदी कोणीही घेतली नव्हती. करणाऱ्यांच्या मनात पालघरच्या मुली नव्हत्या, हे आम्ही मान्य करतो. परंतु कायदा करणारा आपल्या मनातला हेतू कायद्याबरोबर पाठवू शकत नाही. तो पाठवतो फक्त शब्द, आणि ते शब्द पुढे कोणाच्या हाती पडतील हे त्याला ठाऊक नसते. कलम रद्द झाल्यानंतरही देशात ठिकठिकाणी ते लावले जात होते. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगावे लागले की या मेलेल्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ती येते. राजा अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता आणि नाबोथाने वडिलोपार्जित जमीन देण्यास नकार दिला. या कथेवरील प्रवचनांत बहुधा राजाचा लोभ आणि राणी ईजबेलचे क्रौर्य यांवर भर असतो. आमचे लक्ष मात्र मधल्या माणसांकडे जाते. ईजबेलने सैनिक पाठवून नाबोथाला मारले नाही. तिने राजाच्या मोहोरेची पत्रे गावच्या वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना पाठवली. त्यांनी उपवास जाहीर केला, सभा भरवली, दोन साक्षीदार उभे केले आणि कायद्यात सांगितलेल्या रीतीने नाबोथाला दगडमार केला. सर्व काही नियमानुसार झाले! त्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही 'या पत्रात काहीतरी काळेबेरे आहे' असे म्हटल्याची नोंद शास्त्रात नाही. आजचा राजकीय सूडही बहुतेक वेळा असाच नोटिशीच्या, छाप्याच्या, मोजणीच्या आणि चौकशीच्या वेषात येतो.

आपल्या देशात या वेषाचे सर्वांत मोठे दर्शन १९७५ साली घडले. १९७१ मध्ये लोकसभेच्या ३५२ जागा इंदिरा काँग्रेसला मिळाल्या होत्या. १९७२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि विरोधी नेते, कार्यकर्ते, पत्रकार 'मिसा'खाली तुरुंगात गेले. पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे तुरुंगात गेल्या. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गाबाई भागवतांनाही पुढे अटक झाली. नागरिकाला विनाचौकशी डांबले तर त्याला न्यायालयात दाद मागता येईल काय, या प्रश्नावर एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी आली, तेव्हा त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींची नेमणूक झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

हा इतिहास अनेकांना ज्ञात आहे. त्यानंतरचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. ज्यांनी एकोणीस महिने तुरुंगवास सोसला होता, त्यांच्या हाती आता तुरुंगाच्या किल्ल्या आल्या. नव्या सरकारने काँग्रेसच्या ताब्यातील नऊ राज्यांच्या विधानसभा एकाच झटक्यात बरखास्त केल्या. लोकसभेत तुमचा पराभव झाला, सबब राज्यांतही तुम्हाला जनाधार उरला नाही, हा युक्तिवाद. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी, अटकेला पुरेसा आधार नाही म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडले. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द करून अधिवेशन संपेपर्यंत तिहार तुरुंगात धाडले. आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु न्यायाचे काम सभागृहातील बहुमताने उरकायचे ठरवले, की न्याय मागे पडतो आणि सूड पुढे येतो. ज्यांच्यावर सूड उगवायचा त्यांच्याविषयीच लोकांना कणव वाटू लागते.

१९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि त्यांनी काय केले? १७ फेब्रुवारी रोजी त्यांच्या सरकारने विरोधकांच्या ताब्यातील नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. संख्याही तीच, युक्तिवादही तोच! त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार असे संपले. १९७७ साली जनता सरकारने जो पायंडा पाडला, त्याच पायंड्याने तीन वर्षांत त्याच्या मित्रपक्षांची सरकारे घालवली. हा खेळ थांबवण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मार्चमध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी राष्ट्रपती राजवटीच्या वापरावर मर्यादा घातल्या. केंद्रातील पराभव हे राज्य सरकार घालवण्याचे कारण होऊ शकत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

अलीकडच्या वर्षांत आपल्या राज्यात हेच चक्र फारच वेगाने फिरले. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई महापालिकेने अभिनेत्री कंगना राणावत यांच्या पाली हिलच्या बंगल्याचा भाग चोवीस तासांच्या नोटिशीने पाडला. तत्पूर्वी त्यांनी सत्ताधारी शिवसेनेवर प्रखर टीका केली होती. 'सामना'ने दुसऱ्या दिवशी 'उखाड दिया' असा मथळा दिला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई दुष्ट हेतूने केलेली ठरवली. त्याच वेळी त्या अभिनेत्रीलाही बोलण्यात संयम पाळण्यास सांगितले, हे आम्हास विशेष भावले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांविषयीच्या एका वक्तव्यावरून केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. मे २०२२ मध्ये शरद पवारांविषयीच्या मजकुरावरून अभिनेत्री केतकी चितळे सुमारे चाळीस दिवस तुरुंगात राहिल्या. त्या मजकुरात सभ्यता नव्हती. पण असभ्यतेला चाळीस दिवसांची कोठडी, हा हिशेब कोणत्या तराजूत बसतो?

त्याच काळात केंद्राचा हात दुसऱ्या बाजूने चालू होता. राज्याचे गृहमंत्री राहिलेले अनिल देशमुख नोव्हेंबर २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ईडीच्या कोठडीत गेले आणि जवळजवळ चौदा महिन्यांनी बाहेर आले. नवाब मलिक मंत्री असतानाच फेब्रुवारी २०२२ मध्ये अटकेत गेले. ज्या 'सामना'ने 'उखाड दिया' म्हटले, त्याचे कार्यकारी संपादक संजय राऊत यांना ऑगस्ट २०२२ च्या सुरुवातीस अटक झाली. शंभर दिवसांनी त्यांना जामीन देताना विशेष न्यायालयाने ती अटकच बेकायदा ठरवली. ईडीला हे सामर्थ्य देणारा कायदा २००२ साली संमत झाला आणि २००५ मध्ये अमलात आला. एका आघाडीच्या सरकारने तो केला, दुसऱ्या आघाडीच्या सरकारने त्यात गुन्ह्यांची भर घातली आणि पुन्हा पहिल्या आघाडीने २०१९ मध्ये त्याला आणखी धार लावली. जामीन मिळणे जवळजवळ अशक्य करणाऱ्या त्याच्या अटी जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवल्या.

सूडाला दुसरेही एक तोंड आहे आणि ते हसरे आहे. ते म्हणजे माफी. एप्रिल २०२४ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकाने असे दाखवून दिले की २०१४ पासून भ्रष्टाचाराच्या चौकशीला तोंड देणारे २५ विरोधी नेते भाजपमध्ये किंवा त्याच्या मित्रपक्षांच्या छावणीत आले, आणि त्यांपैकी २३ जणांना या ना त्या स्वरूपात दिलासा मिळाला. या २५ पैकी १२ महाराष्ट्रातील होते. जोगेश्वरीतील हॉटेलच्या बांधकामाप्रकरणी चौकशी चालू असलेले रवींद्र वायकर मार्च २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत आले, जूनमध्ये ४८ मतांनी खासदार झाले आणि जुलैमध्ये पोलिसांनी ते प्रकरण गैरसमजातून दाखल झाले होते असे म्हणत बंद करण्याचा अहवाल दिला. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की दहा वर्षांत ईडीने राजकारण्यांविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदवली आणि शिक्षा झाली ती दोन प्रकरणांत.

'मग भ्रष्ट पुढाऱ्यांना हात लावायचाच नाही काय?' असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. हात जरूर लावावा. चोराने विरोधी पक्षात जाऊन बसावे आणि पकडल्यावर 'सूड, सूड' म्हणून ओरडावे, हाही प्रकार आपण पाहिलेला आहे. न्याय कोणता आणि सूड कोणता हे ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे. आरोपीने पक्ष बदलल्यानंतर चौकशीचा वेग बदलतो काय? तो बदलत नसेल तर तो न्याय. शिक्षा न्यायालयाच्या निकालाने होते की निकालापूर्वीच्या तुरुंगवासाने, हेही पाहावे. वर्षभर कोठडीत काढून निर्दोष सुटलेल्या माणसाचे ते वर्ष कोणीही परत देत नाही.

आपल्या समाजाच्या जिव्हारी लागलेले उदाहरण म्हणजे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी. एल्गार परिषद प्रकरणाचा फेरविचार राज्यातील नवे सरकार करू लागले, त्याच सुमारास, जानेवारी २०२० मध्ये, केंद्राने ते प्रकरण राष्ट्रीय तपास संस्थेकडे घेतले. ऑक्टोबरमध्ये फादरांना रांचीहून अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असलेल्या या वृद्धाला तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळी व पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. मार्च २०२१ मध्ये जामीन नाकारला गेला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नाही, कारण खटला उभाच राहिला नाही.

म्हणूनच जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाकडे आम्ही काळजीने पाहिले. कडव्या डाव्या विचारसरणीच्या हिंसक संघटनांना आळा घालणे हा त्याचा घोषित हेतू आहे. गडचिरोलीत ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्या दुःखापुढे हा हेतू कोणी क्षुल्लक मानू नये. परंतु एखादी संघटना बेकायदा आहे असे सरकारनेच जाहीर करायचे, तिच्या मालमत्तेवर टाच आणायची आणि सदस्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा, ही रचना ज्या शब्दांवर उभी आहे ते शब्द पुरेसे नेमके नाहीत. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि काही तरतुदी सौम्य झाल्या, हे खरे. तरीही 'तत्सम संघटना' हे दोन शब्द राहिलेच. वाढवण बंदराला विरोध करणारा मच्छीमार, जमिनीचा पट्टा मागणारा वारली, दोघांच्याही मनात 'तत्सम'मध्ये आपण येतो की काय ही शंका उभी राहते. विधानसभेत या विधेयकाला स्पष्ट विरोध करणारा आमदार एकच निघाला, आणि तो आपल्या जिल्ह्यातील डहाणूचा. त्यांच्या पक्षाशी आमचे अनेक बाबतींत मतभेद आहेत. त्या दिवशी मात्र सभागृहात एक हात तरी विरोधात वर झाला, याबद्दल आम्हास बरे वाटले.

मोठ्या सभागृहातील ही गोष्ट गावात येते तेव्हा तिचे रूप लहान होते, पण जाच कमी होत नाही. वैतरणेच्या पात्रातील वाढीव गावाचेच पाहा. दोन रेल्वेपुलांच्या मध्ये वसलेल्या या बेटावरील लोक वर्षानुवर्षे जीव मुठीत धरून रुळांच्या कडेने ये-जा करीत आले. ज्या गावाला पूल हवा आहे, त्या गावातील माणूस नदीतील रेतीउपशाविरुद्ध तक्रार करताना दोनदा विचार करील की नाही? दाखला अडेल, घराची मोजणी निघेल, मुलाचे ठेकेदाराकडील काम जाईल, ही भीती कोणी शब्दांत सांगत नाही, आणि सांगण्याची आवश्यकताही नसते. तारापूरच्या कारखानदारीत रसायनांच्या वासाविषयी बोलणाऱ्या कामगाराचीही हीच गत.

येथे आपल्या धर्मग्रामांनीही थोडे अंतर्मुख व्हावे. 'आपला माणूस सत्तेत असला म्हणजे आपली कामे होतात' हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! चर्चच्या सणाला व्यासपीठावर सत्ताधाऱ्यांची रांग, स्मशानभूमीच्या भिंतीसाठी निधी, रस्त्याला डांबर, आणि त्या बदल्यात शेजारच्या पाड्यावर अन्याय झाला तर मौन. आज ज्या हाताने डांबर टाकले तोच हात उद्या नोटीस धाडू शकतो, आणि तेव्हा शेजारच्या पाड्याने आपल्यासाठी का बोलावे? १९९१ च्या आपल्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी म्हटले आहे की प्रत्येक सत्तेला मर्यादेत ठेवणाऱ्या दुसऱ्या सत्ता असाव्यात. त्या दुसऱ्या सत्ता केवळ न्यायालयात नसतात. ग्रामसभेत उठून इतिवृत्त वाचून दाखवा म्हणणारी बाई, माहितीच्या अधिकारात अर्ज करणारा निवृत्त शिक्षक, ज्याला मत दिले नाही त्याच्यावर अन्याय झाला तरी साक्षीला उभा राहणारा शेजारी, या सर्वांची मिळून एक सत्ता होते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांत तर ग्रामसभेला कायद्याने विशेष अधिकार दिलेले आहेत. ते वापरणारे हात मात्र कमी पडतात.

राहता राहिली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची. ती केवळ मानाची नसते. माहिती आयुक्त वा मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष निवडणाऱ्या समित्यांवर मुख्यमंत्र्यांसमवेत विरोधी पक्षनेता बसतो. शासनाच्या तक्रारी ज्यांच्याकडे करायच्या ती माणसे एकट्या शासनाने निवडू नयेत, एवढाच त्यातील मथितार्थ. एक दशांश सदस्यांची अट ही संकेताची बाब आहे. राज्यघटनेत ती लिहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचे नाव या पदासाठी सुचवले, तेव्हा संख्येचाच मुद्दा पुढे आला. दिल्लीच्या विधानसभेत २०१५ साली आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या होत्या आणि भाजपला अवघ्या तीन. तरीही तेथील अध्यक्षांनी भाजपचे विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिल्लीत भाजप सत्तेवर आला. तेच विजेंदर गुप्ता विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्यासमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून आम आदमी पक्षाच्या आतिशी बसल्या.